गूळ ‘गुल’ होऊ नये म्हणून : एआयच्या मदतीनं मराठी गाणं कसं करावं

कोल्हापूरजवळ, पंचगंगेपलीकडं आमच्या थोरल्या वहिनींच्या माहेरचं गुऱ्हाळ आहे. गेल्या हंगामात वहिनी म्हणाल्या, “भावजी, आता मोबाईलवर गाणी करता येतात म्हणं. आमच्या गुळाचं एक करून द्या की, स्टेटसला लावायला.” पाच मिनिटांचं काम समजून मी हो म्हणालो. चार संध्याकाळी गेल्या. त्या चार संध्याकाळींत जे कळलं ते क्रमानं सांगतो, म्हणजे तुमच्या तरी दोन वाचतील.

आधी ठरवा : हौस की धंदा?

गाणी करून देणाऱ्या साधनांत सुनो आणि उडिओ ही नावं जास्त ऐकू येतात. मी सुनो वापरलं. त्याच्या फुकट योजनेत रोज 50 क्रेडिट मिळतात, एका खेपेला 10 खर्च होतात आणि दर खेपेला एकाच शब्दांच्या दोन चाली हातात येतात. वाढदिवस, बारसं, घरातली गंमत, यासाठी एवढं भरपूर झालं.

पण फुकट योजनेत केलेलं गाणं धंद्यासाठी वापरता येत नाही. गाणं आधी फुकटात करायचं, आवडलं तर मग पैसे भरायचे, असा हिशेब बरेच जण करतात. तो चुकतो, कारण नंतर पैसे भरून जुन्या गाण्याला परवानगी मिळत नाही. जाहिरातीचं गाणं असेल तर पैशाची योजना चालू असतानाच करा. वहिनींचा गूळ विकायचा होता, म्हणून मी एका महिन्याचे पैसे भरले आणि पावती जपून ठेवली. या योजना आणि नियम कंपन्या सारख्या बदलत असतात, त्यामुळं सुरू करण्याआधी नियमांचं पान एकदा नजरेखालून घाला.

शब्द स्वतः लिहा

इथं मी पहिली चूक केली. शब्द लिहायचं काम चॅटबॉटला दिलं. त्यानं दोन सेकंदांत दिलं : ‘गोड गोड गूळ, आरोग्याचं मूळ’. वहिनींना फार आवडलं. मी तसंच उचलून सुनोत टाकलं आणि गाणं वाजलं, ‘गोड गोड गुल, आरोग्याचं मुल’.

वहिनी कपाळाला हात लावून म्हणाल्या, “आमचा गूळ गुलच केला की ह्यानं!”

कारण बहुधा सरळ आहे. ही साधनं हिंदी गाण्यांवर जास्त पोसलेली वाटतात आणि प्रमाण हिंदीत ळ नाही. आपल्याकडं तर पावलोपावली ळ : रंकाळा, पन्हाळा, मिसळ, गुऱ्हाळ. त्यातून ळ ओळीच्या शेवटी आला की गायक सूर लांबवतो आणि चूक डोंगराएवढी होते. नव्या आवृत्त्यांत कधी कधी ळ बरोबर येतो, पण कधी येईल याचा भरवसा नाही.

ळ इतकेच दगा देणारे आणखी काही आहेत. ‘ज्ञान’चं ‘ग्यान’ होतं. ‘गोड लागतं’ मधला शेवटचा अनुस्वार नाकात म्हटला जातो, म्हणून ओळीच्या शेवटी असे शब्द टाळलेले बरे. ‘चार’ मधला च आणि ‘चांगभलं’ मधला च वेगळे, हे त्याला कळत नाही. आकडे नेहमी अक्षरांत लिहा.

दुसरी गोष्ट मात्रांची. ओळी मोजूनमापून नसतील तर हे यंत्र शब्द ताणतं नाहीतर कोंबतं. ह्रस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन, आणि जोडाक्षराचा आघात आला तर त्याआधीच्या ह्रस्वाच्याही दोन, एवढं शाळेतलं पुरतं. मी चॅटबॉट बंद केला, गुऱ्हाळावर जाऊन बसलो आणि समोर जे दिसलं ते लिहिलं :

ऊस आमचा, चूल आमची,
गोडी साऱ्या गावाची
वाफ उडाली, पाक उकळला,
ढेप निघाली मानाची

पहिली ओळ मोजा. ऊस तीन, आमचा पाच, झाल्या आठ. चूल तीन, आमची पाच, पुन्हा आठ. दुसऱ्या ओळीत आठ आणि सहा, शेवटच्या दोन मात्रा सुराला मोकळ्या. तिसरी-चौथी त्याच मापात. खरं तर गुऱ्हाळावर चूल म्हणत नाहीत, चुलवाण म्हणतात. पण तो शब्द मापात बसेना. गूळ रांधणाऱ्या गुळव्यानं नाक मुरडलं, मी ऐकून घेतलं.

लिहून झालं की टाळी वाजवत मोठ्यानं म्हणा. जिथं जीभ अडखळते तिथं यंत्रही अडखळणार.

आता साधनात

सुनो उघडल्यावर सोप्या पद्धतीत एक वाक्य लिहिलं की ते शब्दांसकट सगळं करून टाकतं. ती पद्धत सोडा. ‘कस्टम’ निवडा. तिथं शब्दांची चौकट वेगळी आणि शैलीची वेगळी. शब्द देवनागरीत टाका. ध्रुवपदाच्या वर चौकोनी कंसात इंग्रजीतून ‘कोरस’ आणि कडव्याच्या वर ‘व्हर्स’ लिहा, म्हणजे काय पुन्हा म्हणायचं ते त्याला समजतं. या खुणा गायच्या नसतात, तरी एखाद्या वेळी ते त्याही गाऊन टाकतं. तसं झालं तर ती खेप सोडून द्या.

शैली इंग्रजीत लिहिलेली जास्त कळते. थोडक्यात लिहा. मी लिहिलं त्याचा अर्थ असा : मराठी लोकगीत, बाईचा खडा आवाज, ढोलकी आणि झांज, टाळ्यांचा ठेका, मिनिटाला 104 ठोके. ‘मराठी’ न लिहिता नुसतं ‘भारतीय लोकगीत’ लिहिलं तेव्हा दोन्ही खेपांना भांगडा आला होता. रागाचं नाव घालून पाहिलं, भूप. आलं ते गोड होतं, पण भूप नव्हता. शाहू महाराजांच्या पदरी अल्लादिया खाँसाहेब गायले त्या कोल्हापुरात हे कुणाला ऐकवू नये म्हणून ती फाईल मी पुसून टाकली.

वहिनींनी एका मोठ्या गायिकेचं नाव घेतलं, “त्यांच्या आवाजात होईल का?” शैलीच्या चौकटीत गायकांची नावं चालत नाहीत, ते बरंच आहे. आवाजाची नक्कल करणारी दुसरी साधनं आहेत, पण त्या वाटेला जाऊ नका. अरिजित सिंग यांच्या आवाजाची एआयनं नक्कल करण्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयानं जुलै 2024 मध्ये अंतरिम मनाई दिली आहे. माणसाचा आवाज ही त्याची ओळख आहे, ती परवानगीशिवाय धंद्याला जुंपता येत नाही.

आठ खेपा केल्या, म्हणजे सोळा चाली. बारा पहिल्या दहा सेकंदांत बाद. उरलेल्या चार मी वहिनींना पाठवल्या आणि कोणती कशी आहे ते मुद्दाम सांगितलं नाही. त्यांनी जी निवडली तिच्यात एकच खोट होती, ‘पाक उकळला’ चं ‘पाक उकलला’ झालं होतं. पाक उकलून कसं चालेल? अशा वेळी यंत्राशी भांडत बसू नका, शब्द बदला, मात्र माप तेच ठेवा. ‘उकळला’ पाच मात्रांचा, ‘तापला’ही पाच. पैशाच्या योजनेत तेवढाच तुकडा निवडून बदलता येतो, बाकीची चाल जागच्या जागी राहते.

यावर वहिनींचा रास्त सवाल आला, “गुळाच्या जाहिरातीत गूळच न्हाई?”

जे यंत्राला जमत नाही ते स्वतः करा

गूळ हा शब्द मग वहिनींनीच म्हटला. मोबाईल विमान मोडवर टाकला, आवाज घुमू नये म्हणून गोधड्या टांगलेल्या खोलीत त्यांना बसवलं आणि “गूळ घ्या, गूळ!” असं चार वेळा म्हणवून घेतलं. तिसरं चांगलं आलं. ते गाण्याच्या शेवटी जोडलं.

हलगीचंही तसंच. शैलीत हलगी लिहून पाहिली, तर कुठलातरी डबा वाजल्यासारखा आवाज आला. हलगीचा कडकडाट कातडं तापवून ताणल्यावर येतो, आणि गुऱ्हाळावर जाळाला काय तोटा? शेजारच्या पोरानं चुलवाणासमोर हलगी शेकली, एका कानात गाणं लावून त्याच ठेक्यात पाऊण मिनिट वाजवली. मोबाईल चार-पाच फुटांवर ठेवला होता. अगदी जवळ ठेवला की आवाज फाटतो, तो नंतर दुरुस्त होत नाही.

जोडाजोडीसाठी ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर संगणकावर घ्या. गाणं एका पट्टीवर, हलगी दुसऱ्या पट्टीवर. दोन्हींचा पहिला ठोका एका रेषेत आणा, हलगीचा आवाज गाण्याच्या खाली ठेवा, शेवट हळूहळू विरवा. मग मोबाईलच्या स्पीकरवर ऐका, कारण लोक तिथंच ऐकणार. मूळ फाईल, शब्द आणि तारीख एका फोल्डरमध्ये ठेवा.

हक्कांचं थोडक्यात. तुम्ही लिहिलेले शब्द तुमचे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानं त्यांना तुमच्या हयातीत आणि पुढं 60 वर्षं संरक्षण आहे. यंत्रानं केलेल्या चालीचं तसं नाही. नुसत्या सूचना लिहिल्या म्हणून हक्क मिळत नाही, असं अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयानं जानेवारी 2025 मध्ये सांगितलं. शिवाय आमच्या गाण्यांवर परवानगीशिवाय यंत्रं शिकवली, असा दावा करून मोठ्या संगीत कंपन्यांनी जून 2024 मध्ये सुनो आणि उडिओवर खटले भरले होते. शब्द स्वतः लिहायला हे आणखी एक कारण. आणि गाणं एआयच्या मदतीनं केलंय हे खाली लिहून टाका, त्यानं गुळाची गोडी कमी होत नाही.

गाणं झाल्यावर गुऱ्हाळावर सगळ्यांना ऐकवलं. गुळव्या काहिलीतली मळी काढत होता. हात न थांबवता त्यानं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, “बाई कोण हाय ठावं न्हाई, पर हलगी आपल्यातलीच न्हवं?”