गाळ-पाणी विघटन चाचणी: या चुका टाळा

गोड्या पाण्यात आणि त्याच्या तळाच्या गाळात एखादे रसायन किती काळ टिकते, हे ठरवण्यासाठी ओईसीडीची (आर्थिक सहकार्य व विकास संघटनेची) ३०८ क्रमांकाची चाचणी २००२ पासून वापरली जाते. बाटलीत सुमारे अडीच सेंटिमीटर गाळ, त्यावर गाळाच्या तिप्पट-चौपट पाणी, अंधार, स्थिर तापमान आणि शंभरेक दिवसांपर्यंत ठरावीक अंतराने तपासणी, इतकेच तिचे बाह्यरूप असल्यामुळे नवशिक्यांना ती फार सोपी वाटते. अशा चाचण्यांचे अहवाल तपासताना मला मात्र त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात, आणि त्यांतील बहुतेकांचे मूळ अज्ञानात नसून घाईत असते.

पाण्यातून नाहीसे झाले म्हणून विघटन झाले असे मानणे

ही चूक मला सर्वाधिक खटकते. एका प्रयोगशाळेचा पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशकावरचा अहवाल माझ्याकडे आला होता. सारांशात ठळकपणे लिहिले होते की पाण्यातील अर्धायुष्य (रसायन निम्मे व्हायला लागणारा काळ) दीड दिवसाहून कमी असल्याने हे रसायन जलीय परिसरात झपाट्याने विघटित होते. परिशिष्टातील तक्ते उघडल्यावर दिसले की पाण्यातून गेलेला जवळजवळ सगळा अंश पहिल्या आठवड्यातच गाळात जाऊन बसला होता आणि चाचणी संपेपर्यंत त्यातला निम्म्याहून अधिक भाग मूळ रूपातच शिल्लक होता. आकडे खरे होते आणि विश्लेषणही चोख होते, पण काढलेला निष्कर्ष उलटा होता. लेखकाला विचारले तेव्हा उत्तर आले, ‘पाण्याचे अर्धायुष्य मागितले होते, ते दिले आहे.’

पायरेथ्रॉइडांच्या बाबतीत असे होणारच. बायफेन्थ्रिनचे उदाहरण घ्या. ते पाण्यात लिटरमागे सुमारे एक मायक्रोग्रॅम किंवा त्याहूनही कमी विरघळते आणि सेंद्रिय कण दिसला की त्याला चिकटते. पाण्यातील घट ही तेथे प्रामुख्याने स्थलांतराची गती दाखवते. ते रसायन गाळात राहणाऱ्या अळ्या आणि कृमी यांच्या वाट्याला येते, आणि पाण्याचा आकडा पाहून परवानगी देणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

माझी सवय अशी आहे की अर्धायुष्याचे गणित सुरू करण्यापूर्वी पाणी, गाळ आणि दोहोंची बेरीज असे तीन वक्र मी एकाच आलेख-कागदावर हाताने काढतो. सातव्या दिवशी पाण्यात ८ टक्के आणि गाळात ८५ टक्के मूळ रसायन असेल, तर बेरीज ९३ टक्के होते, म्हणजे विघटन अजून नावापुरतेच आहे. संगणकाला हे वक्र काढता येतात हे मला ठाऊक आहे, परंतु हाताने बिंदू मांडणारा माणूस गाळाचा रकाना वगळू शकत नाही.

बेरजेचा वक्र खाली आला तरी लगेच आनंद मानू नये. सौम्य द्रावकाने एकदाच निष्कर्षण करून, म्हणजे गाळातले रसायन द्रावकात ओढून घेऊन, थांबल्यास गाळात घट्ट बांधला गेलेला अंश निघतच नाही, आणि तो विघटित झाला असे भासते. किरणोत्सारी कार्बन-१४ ची खूण असलेले रसायन वापरले असेल, तर निष्कर्षणानंतर उरलेला गाळ जाळून त्यातील किरणोत्सार मोजता येतो. तो बद्ध अवशेष मूळ रसायनाचा आहे की त्याच्या तुकड्यांचा, हे त्यावरून कळत नसले तरी तो गाळातच आहे, हे तरी सिद्ध होते. युरोपीय रसायन संस्थेची भूमिकाही साधारण हीच आहे की उलट पुरावा दिला नाही, तर बद्ध अवशेष अविघटित समजावा. विघटन झाले असे मी तेव्हाच लिहितो, जेव्हा बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड आणि ओळख पटलेली विघटन-द्रव्ये माझ्यासमोर असतात.

गाळाला बसू न देता रसायन टाकणे

नव्या लोकांना बाटल्या भरून झाल्या की लगेच रसायन टाकायचे असते. पाणी निवळले की गाळ तयार झाला असे त्यांना वाटते. वास्तविक साधारण एक ते दोन आठवडे, आणि चार आठवड्यांहून अधिक नाही, इतका काळ त्या बाटल्या चाचणीच्याच तापमानाला निवांत ठेवायच्या असतात, कारण ढवळलेल्या गाळात ऑक्सिजन कुठपर्यंत पोहोचेल हे त्या काळात ठरते. नीट बसलेल्या गाळाचा वरचा काही मिलिमीटरांचा थर तपकिरी असतो, आणि त्याखालचा थर लोहाच्या सल्फाइडमुळे काळपट होत जातो. या दोन थरांतील रसायनशास्त्र वेगळे असते. डीडीटीचेच पाहा: ऑक्सिजन असताना त्यापासून मुख्यतः डीडीई बनते, तर ऑक्सिजनविरहित गाळात क्लोरीन निघून डीडीडी बनते.

एका प्रकल्पात डायनायट्रोअ‍ॅनिलीन गटातील तणनाशकाची चाचणी होती. तलावातून गाळ आला, अहवालाची तारीख जवळ होती, आणि एका उत्साही सहकाऱ्याने तिसऱ्याच दिवशी सगळ्या बाटल्यांत मात्रा घातली. चाळताना गाळात कुजकी पाने राहिली होती, ती सूक्ष्मजीवांनी खायला घेतली आणि पाण्यातला ऑक्सिजन घसरत गेला. काही बाटल्यांत गाळ पृष्ठभागापर्यंत काळा झाला, झाकण उघडताच सडक्या अंड्यांचा वास येऊ लागला, तर शेजारच्या बाटल्या अजून तपकिरी होत्या. ऑक्सिजन नसताना या गटातील रसायनांचे नायट्रो समूह चटकन क्षपित होतात, त्यामुळे एकाच दिवशी उघडलेल्या जोडीतील एका बाटलीत मूळ रसायन भरपूर आणि दुसरीत जवळजवळ शून्य असे आकडे आले. त्या सहकाऱ्याने त्यांची सरासरी काढली. सरासरीतून निघालेले अर्धायुष्य दिसायला फार देखणे होते, पण ते कोणत्याही तलावाचे नव्हते. खूण असलेले महागडे रसायन वाया गेले आणि सगळी मांडणी पुन्हा करावी लागली.

मी स्वतः गाळ जागेवरच्या पाण्यानेच दोन मिलिमीटरच्या चाळणीतून काढतो, कारण नळाच्या पाण्यातील क्लोरीन आपण मोजायला निघालेल्या सूक्ष्मजीवांनाच मारतो. त्यानंतर पाण्याचा सामू, विरघळलेला ऑक्सिजन आणि गाळाचा रेडॉक्स विभव (गाळ ऑक्सिजनयुक्त आहे की ऑक्सिजनविरहित हे दाखवणारे विद्युत-माप) यांच्या नोंदी सलग काही वेळा स्थिर दिसल्याशिवाय रसायनाच्या बाटलीला हात लावत नाही. कोणी घाई केली तर नोंदवही पुढे करतो. वाद घालण्यापेक्षा ते सोपे पडते.

बाकीच्या चुका

गाळ कुठून आणायचा, याची चौकशी न करता आणू नये. चाचणीतील किंवा त्याच्यासारख्या रचनेच्या रसायनाचा मागच्या चार वर्षांत तेथे वापर झाला असेल, तर तेथील सूक्ष्मजीव आधीच सरावलेले असतात. नाशिककडच्या द्राक्षपट्ट्यातील तळे असो की उसाच्या शिवारातले, मी आधी जवळच्या कृषी सेवा केंद्रात जाऊन काय खपते ते विचारतो. तेथे दहा मिनिटांत जे कळते, ते कागदी अर्जांतून कळत नाही.

दोन गाळ घ्यायचे असतात, एक सेंद्रिय कार्बनने समृद्ध व बारीक आणि दुसरा भरड व कमी कार्बनचा. देशावरच्या काळ्या जमिनीतून वाहून आलेले दोन चिकट गाळ घेऊन ‘दोन प्रकार’ लिहिणे ही फसवणूक आहे.

गाळ वाळवू नये. चार अंशांच्या शीतगृहातही तो चार आठवड्यांहून जास्त ठेवू नये.

एकाच बाटलीतून पुन्हा पुन्हा नमुना काढू नये. दर वेळी एक पूर्ण बाटली तपासणीत वापरून संपवायची आणि काचेलाही द्रावकाने धुऊन ते धुवण मोजायचे.

रसायन विरघळवण्यासाठी इथेनॉल किंवा अ‍ॅसिटोन सढळ हाताने ओतू नये. एक टक्क्याची मर्यादा ही परवानगी आहे, शिफारस नव्हे. सूक्ष्मजीव ते द्रावक आधी खातात आणि ऑक्सिजन संपवतात.

निर्जंतुक बाटल्यांचा संच वगळणाऱ्यांविषयी मला फारसा आदर नाही. एन्डोसल्फान या कीटकनाशकाचे अल्कधर्मी पाण्यात आपोआप जलापघटन (पाण्यामुळे तुटणे) होऊन डायॉल बनते, आणि सूक्ष्मजीव मूळ एन्डोसल्फानचेच ऑक्सिडीकरण करून चिवट व विषारी एन्डोसल्फान सल्फेट बनवतात. निर्जंतुक संचाशिवाय या दोन वाटा वेगळ्या कशा करणार? ऑटोक्लेव्हने (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राने) गाळाची शोषणक्षमता बदलते, याची जाणीव मात्र ठेवावी.

टाकलेले रसायन आणि शेवटी पाणी, गाळ व वायूत मिळून सापडलेले रसायन यांच्या हिशेबाची बेरीज जुळत नसेल, तर ती कधी बिघडली ते आधी पाहावे. खूण असलेल्या रसायनाचा हिशेब ९० ते ११० टक्क्यांत बसला पाहिजे. पहिल्याच दिवशी कमी असेल तर मात्रा किंवा काच दोषी आहे. शेवटच्या महिन्यात कमी होत गेला, तर कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या अल्काच्या सापळ्याची नळी गळते आहे का ते बघावे. सामू आठच्या वर असलेल्या कठीण पाण्यात एक वेगळीच गोम असते: तयार झालेला कार्बन डायऑक्साइड बायकार्बोनेट होऊन पाण्यातच राहतो आणि निष्कर्षणासाठी उघड्या भांड्यात आम्ल घातले की हवेत निघून जातो. आम्ल घालताना बाटली सापळ्याला जोडलेलीच ठेवावी.

एकाच घातांकी रेषेत सगळे बिंदू कोंबू नयेत. सुरुवातीला झपाट्याने आणि नंतर रेंगाळत उतरणाऱ्या वक्रासाठी दोन टप्प्यांची प्रतिमाने कीटकनाशकांच्या विघटन-गणितावरील २००६ च्या युरोपीय फोकस अहवालापासून उपलब्ध आहेत. वर्ग-गुणांक (रेषा बिंदूंशी किती जुळते याचे माप) चांगला दिसतो म्हणून रेषेच्या वर राहिलेल्या शेपटाकडच्या बिंदूंकडे दुर्लक्ष केले, तर रसायन प्रत्यक्षाहून कमी काळ टिकते असे दाखवले जाते.

शेवटची चूक तापमानाची. चाचणी बहुधा २० अंश सेल्सिअसला होते, पण रीच या युरोपीय रसायन-नियमन कायद्यातील टिकाऊपणाची तुलना १२ अंशांना केली जाते आणि प्रचलित सक्रियण ऊर्जा (तापमानानुसार विघटनाचा वेग किती बदलतो हे ठरवणारे मूल्य) धरल्यास अर्धायुष्याला सुमारे २.१२ ने गुणावे लागते. त्या कायद्यात टिकाऊ रसायनाची मर्यादा गोड्या पाण्यात ४० आणि गोड्या पाण्याच्या गाळात १२० दिवस आहे, तर अतिटिकाऊसाठी अनुक्रमे ६० आणि १८० दिवस. गाळात २० अंशांना ६० दिवस निघालेले अर्धायुष्य १२ अंशांना सुमारे १२७ दिवसांचे होते आणि रसायन मर्यादेपलीकडे जाते. उलट दिशेने, १२ अंशांचा तो आकडा आपल्याकडच्या मे महिन्यातील तापलेल्या तळ्याला लावणेही चूकच. म्हणून अर्धायुष्याच्या प्रत्येक आकड्याशेजारी, तक्त्याच्या शीर्षकात नव्हे, त्याच रकान्यात, मी तापमान लिहितो.