शनिवारची मंडी, तळ्यावरची फेरी आणि एक जास्तीची पिशवी: इंदुरात हे कसं जमवायचं

आमच्या राजेंद्र नगरातून चोइथराम मंडी इतकी जवळ की पहाटे वारा तिकडून असला तर गच्चीवर कांद्याचा वास येतो, आणि तरी मी इतकी वर्षं दारावरच्या ठेलेवाल्याकडूनच भाजी घेत होते, का तर कोण जाणार त्या चिखलात. मग एकदा बिल्डिंगमधल्या काकूंसोबत सहज गेले आणि तेव्हापासून आमचा आठ घरांचा एक ग्रुप झालाय. शनिवारी सकाळी मंडी, मग तळ्यावर फेरी, घरी येऊन वाटणी, आणि एक जास्तीची पिशवी जिथे गरज असेल तिथे. ताजी भाजी, थोडं हिंडणं आणि थोडं देणं, तिन्ही एका सकाळीत उरकतं. बऱ्याच जणांनी विचारलं कसं करता म्हणून हे लिहिते आहे, तुमच्या कॉलनीत तसंच्या तसं नाही जमणार पण फेरफार करून घ्या. त्या बाजूला राहत असाल तर मालवा मिलची किंवा नंदलालपुऱ्याची सब्जी मंडी आहेच, पद्धत तीच.

आधी माणसं जमवा, पण जास्त नको

सहा ते आठ घरं बास. आम्ही उत्साहात एकदा चौदा घरं घेतली तर कोणाला भेंडी नको, कोणाला गिलकीच हवी, कोणाचा गुरुवार, कोणाची चतुर्थी, शेवटी भाजी बाजूला आणि भांडणच जास्त. आठ घरांचा व्हॉट्सॲप ग्रुप करा, शुक्रवारी रात्री नऊपर्यंत यादी, नऊनंतर लिहिलेलं धरायचं नाही, यावर ठाम राहा, अगदी सासूबाईंची यादी उशिरा आली तरी.

बटाटे, कांदे, टमाटे, आलं, लसूण, मिरची हे कॉमन ठेवा, सगळ्यांना सारखं. बाकी दोन पालेभाज्या आणि दोन फळभाज्या त्या दिवशी मंडीत जे चांगलं दिसेल ते, हा निर्णय जाणाऱ्यावर सोडा. नाहीतर तुम्ही तिथे उभं राहून "फ्लॉवर घेऊ का" असे फोटो पाठवत बसता आणि मागचा हम्माल डोक्यावर कट्टा (पोतं) घेऊन ओरडत असतो.

पैसे आधी गोळा करायचे. आमच्याकडे खालच्या मजल्यावरचे एक काका हिशोब बघतात, बँकेतून रिटायर झालेले, त्यांची बायको गेल्यापासून कोणाशी फारसं बोलत नव्हते. पहिल्या शनिवारी त्यांना नुसतं विचारलं की काटा आहे का हो तुमच्याकडे, तर ते काटा, वही आणि दोन रंगांची पेनं घेऊन जिन्यातच बसले. आता ग्रुपची सगळ्यात कडक व्यक्ती तेच. प्रत्येक घराकडून भाजीचे पैसे आणि वर पन्नास रुपये वेगळे, म्हणजे आठ घरांचे ४०० दर आठवड्याला जास्तीच्या पिशवीसाठी. रक्कम मुद्दाम छोटी ठेवली आहे, मोठी ठेवली की तिसऱ्या महिन्यात माणसं गळतात.

आमचा वार शनिवार, कारण पिशवी द्यायला जातो तिथे शनिवारी कोणीतरी जबाबदार माणूस भेटतं, रविवारी फक्त चौकीदार. सणावाराला मंडी बंद असते, आदल्या दिवशी चौकशी करून घ्या.

मंडीत

लिलाव उजाडायच्या आधीच सुरू होतात, तो आडतिये आणि ठेलेवाल्यांचा खेळ, आपण त्यात पडायचं नाही. साडेसहाच्या सुमाराला जा, तेव्हा लिलावात घेतलेला माल छोट्या ढेऱ्यांनी विकायला बसलेला असतो. जुन्या चपला घाला, सुती थैल्या न्या, सुटे पैसे ठेवा, युपीआय चालतं पण गर्दीत नेटवर्क गेलं की मागचे लोक बोंब मारतात.

इथली भाषा कळली पाहिजे. खेरची म्हणजे किरकोळ, आणि धडी म्हणजे पाच किलो. मी पहिल्यांदा दोन किलो बटाटे मागितले तर तो म्हणाला, "दीदी, पाव-आधा किलो ठेले पे मिलेगा, यहाँ धड़ी से कम नी तुलेगा." म्हणूनच ग्रुप हवा. आठ घरांना बटाट्याच्या तीन धड्या, कांद्याच्या तीन, टमाट्याच्या दोन पुरतात. कॅरेट मात्र घेऊ नका. मी एकदा भाव बघून टमाट्याचं आख्खं कॅरेट उचललं होतं, वरचे लाल कडक, खालचे दबलेले, मंगळवारपर्यंत घरोघरी टमाट्याचं सार आणि माझ्या नावाने टोमणे.

घेताना काय बघायचं ते थोडक्यात. बटाट्यावर हिरवी झाक असेल तर सोडा, त्यात सोलानिन नावाचं विषारी द्रव्य असतं आणि ते शिजवूनही नीट जात नाही. कांद्याचं तोंड दाबून बघा, मऊ लागलं तर आत सडायला लागलाय. भेंडीचं टोक मोडून बघा, दुकानदार रागावला तरी. मेथी-पालकाच्या जुडीचा बांधलेला भाग सोडवून मधे नाक घाला, शिळा माल तिथे कळतो, वर पाणी मारलेलं असतं म्हणून ताजा दिसतो. काटा रिकामा असताना शून्य दाखवतो का ते बघायचं, हे काकांनी शिकवलं.

उन्हाळ्यात आंबे घेताना जरा सांभाळून. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवण्यावर आपल्याकडे बंदी आहे, इथिलीन गॅसने पिकवायला परवानगी आहे. बाहेरून एकसारखा पिवळाजर्द, पण वास नाही आणि आत कडक, असा आंबा दिसला तर दुसरीकडे वळा.

तळं

भाजी गाडीत टाकून आम्ही पिपल्यापाल्याच्या तलावाकडे जातो, थंडीत कधी सिरपूर. सिरपूर तलाव होळकरांच्या वेळचा, २०२२ मध्ये यशवंत सागरसोबत रामसर यादीत आला, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांमध्ये त्याची गणती झाली, आणि थंडीत तिथे इतके पक्षी येतात की आमच्या काकूंनी नातवाची दुर्बीण कायमची ढापली आहे. तुमच्याकडून मेघदूत किंवा नेहरू पार्क जवळ असेल तर तिकडे जा, कुठे जाता त्याला महत्त्व नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मोठ्या माणसाला आठवड्याला निदान १५० मिनिटं बऱ्यापैकी वेगाने चालणं हवं आणि रोज ४०० ग्रॅम फळं-भाज्या. शनिवारची आमची चाळीस मिनिटं होतात, उरलेली कॉलनीतच भरून काढायची. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतका वेग ठेवा. आणि हो, फेरीनंतर पोहे-जलेबी खाता ते कळतंय मला, आम्हीही खातो, शेव-जीरावन मसाला मारके, फक्त ते छापलेल्या पेपरच्या तुकड्यावर घेऊ नका, शाईतली रसायनं गरम तेलकट पदार्थात उतरतात. डबा न्या किंवा प्लेट मागा.

वाटणी, हा खरा भाग

इतरांना हा भाग कंटाळवाणा वाटतो, मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचा हाच. जिन्याखाली चादर अंथरायची, आठ ढीग करायचे, आणि मेथी तिथेच बसून निवडायची, घरी नेऊन नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये अर्धी घरं अशी की पोरं पुण्याला नाहीतर बंगलोरला, मागे दोन म्हातारी माणसं आणि एक टीव्ही. मेथी निवडताना तास जातो, त्यात गुडघ्यांपासून गावातल्या लग्नांपर्यंत सगळं निघतं. एकदा एक आजी तीन आठवडे खाली आल्या नाहीत तेव्हा ढीग पोहोचवायला वर गेलेल्या मुलीला कळलं की त्यांना रात्र रात्र झोप नाही आणि कोणाला सांगितलेलंही नाही. असं काही लक्षात आलं तर नुसतं "काळजी करू नका" म्हणून सुटू नका, डॉक्टरकडे न्या. आणि बोलायला कोणी हवं असेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, फुकट, चोवीस तास, भाषा निवडता येते. आम्ही तो नंबर काकांच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय, मंडीच्या रिक्षावाल्याच्या खाली.

भाजी ठेवायचं म्हणाल तर कांदे-बटाटे एकत्र ठेवू नका, बटाट्यांना कोंब येतात. पालेभाजी न धुता, ओल्या पिळलेल्या सुती फडक्यात. कोथिंबीर मुळांसकट पेल्यात पाणी घालून. टमाटे पिकेपर्यंत बाहेर, फ्रिजमध्ये नाही. देठं आणि सालं ओल्या कचऱ्यात, हे इंदूरकरांना सांगायला नकोच, गाडी गाणं वाजवत आली की आपोआप हात डब्याकडे जातो. आपली ती देठं देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्लांटला जातात, २०२२ मध्ये सुरू झाला तेव्हाच रोज ५५० टनांची क्षमता होती त्याची, आणि त्या गॅसवर सिटी बस चालतात. मेथीच्या देठांवर बस, सासूबाईंचा यावर अजून विश्वास नाही.

जास्तीची पिशवी

इथे आम्ही सगळ्यात मोठी चूक केली. सुरुवातीला उत्साहात तीस पाकिटं पुरी-भाजी करून एका ठिकाणी घेऊन गेलो, न विचारता. तिथे त्या दिवशी आमच्या आधी दोन मंडळं जेवण देऊन गेली होती. लोकांनी घेतलं, नाही म्हणायला संकोच वाटतो, आणि तासाभराने आम्ही निघताना तीच पाकिटं डस्टबिनमध्ये दिसली. पुरी लाटलेल्या काकू घरी येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत.

तेव्हापासून नियम एकच, गुरुवारी फोन करून विचारायचं की या आठवड्यात काय कमी आहे. उत्तरं ऐकून चकित व्हाल. एकदा मीठ आणि हळद, एकदा कपडे धुवायचा साबण, एकदा डायपर मोठ्या माणसांचे. भाजी हवी असेल तर कच्ची द्या, त्यांचा स्वयंपाकी त्यांच्या वेळेला करेल. शिजवलेलं द्यायचंच असेल तर गरम असताना द्या, शिजवल्यापासून दोन तासांच्या आत पोटात जाईल अशा हिशोबाने, उन्हाळ्यात तर त्याहून आधी.

कुठे द्यायचं? खजराना गणपतीचं अन्नक्षेत्र आहे. राजवाड्याजवळ इमली साहिब गुरुद्वारा आहे, तिथे लंगरला रसद देता येते आणि रसद द्यायला पैसे नसले तर लसूण सोलायला बसा, भांडी घासा, कोणी नाव विचारत नाही. वृद्धाश्रम, मुलींची वसतिगृहं कॉलनीच्या आसपास असतातच, जवळचं धरा म्हणजे दर आठवड्याला जाणं होतं. एमवाय हॉस्पिटलला झाबुआ, अलिराजपूर, बडवानी, खरगोन अशा लांबलांबून पेशंट येतात, आणि पेशंटसोबतची माणसं बाहेर दिवस काढतात. त्यांना जेवण द्यायला बरेच लोक येतात, पण कंगवा, तेलाची छोटी बाटली, चप्पल, जानेवारीत कांबळं, हे फार कमी लोक आणतात. फोटो काढू नका, प्लीज. हातात केळं घेतलेल्या माणसाचा फोटो ग्रुपवर टाकायची काही गरज नसते.

पैसे द्यायचे तर पावती घ्या आणि ट्रस्टला देणगीवर करसुटीची ८०जी मान्यता आहे का विचारा. २००० रुपयांच्या वर रोख दिलं तर करात सूट मिळत नाही, चेकने किंवा ऑनलाइन द्या, आणि ही सूट जुनी कर पद्धत निवडणाऱ्यांनाच आहे, नव्या पद्धतीत नाही.

पैसेही नसले तर रक्त आहे. १८ ते ६५ वय, वजन ४५ किलोच्या खाली नको, हिमोग्लोबिन १२.५ हवं. पुरुषांनी दोन वेळांत ९० दिवस आणि बायकांनी १२० दिवस अंतर ठेवायचं. उपाशीपोटी जाऊ नका, पोहे खाऊन जा. माझं हिमोग्लोबिन पहिल्यांदा ११ निघालं आणि परत पाठवलं, तेव्हापासून मंडीतून पालक माझ्या नावाने जरा जास्त येतो.

आमच्या वहीत काकांनी शेवटच्या पानावर महिन्यांचा चार्ट केलाय की काय कधी चांगलं मिळतं. पावसाळ्यात भुट्टे, कीस करायला कोवळे निवडायचे, नखाने दाबला की दूध आलं पाहिजे. थंडीत हरा छोड म्हणजे ओला हरभरा, आणि गराडू हा कंद. गराडू सोलायच्या आधी हाताला तेल चोळा, नाहीतर खाज सुटते आणि दिवसभर जात नाही, गेल्या डिसेंबरला आठ घरांत सोळा हात खाजवत बसले होते.