दारू हाताबाहेर जातेय हे कसं ओळखावं, आणि समुपदेशनापर्यंत कसं पोहोचावं

“मी श्रावण पाळतो. महिनाभर थेंबाला शिवत नाही. मग मी व्यसनी कसा?” हा सवाल आला की घरचे गप्प बसतात. पण महिना काढता येणं ही कसोटीच नव्हे. श्रावण संपल्यावर एकदा बसलं की ठरवलं तेवढीच घेऊन उठता येतं का, हे पाहायला हवं. नेमका तोच ताबा सुटत जातो, आणि तो सुटायला लागला की मदत घ्यावी. लिव्हर खराब होईपर्यंत किंवा नोकरी जाईपर्यंत थांबू नये.

आधी खरं माप काढा

दोन आठवडे रोज दोन आकडे लिहा: किती घ्यायची ठरवली होती आणि किती घेतली. 30 मिली व्हिस्कीत साधारण 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, म्हणजे 180 मिलीच्या क्वार्टरमध्ये 60 ग्रॅम. एका बैठकीत 60 ग्रॅम किंवा त्याहून जास्त घेणं हे जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत अतिमद्यपानात मोडतं. “मी फक्त बिअर घेतो” म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं की 650 मिलीच्या स्ट्राँग बिअरमध्येही सुमारे 40 ग्रॅम अल्कोहोल असतं.

मग स्वतःला चार प्रश्न विचारा

कमी करायला हवी असं कधी वाटलं का? दारूवरून कुणी बोललं की राग येतो का? पिण्याबद्दल अपराधी वाटतं का? सकाळी हातांची थरथर थांबावी किंवा उतारा म्हणून घ्यावी लागते का? डॉक्टर हेच चार प्रश्न विचारतात. दोन उत्तरं ‘हो’ आली तर तज्ज्ञांशी बोलायची वेळ झाली आहे. सकाळच्या प्रश्नाचं एकच ‘हो’ आलं तरी मी वाट पाहायला सांगणार नाही.

रात्रीचं काही न आठवणं, बाटली लपवणं ही आणखी लक्षणं. “मला आता पूर्वीसारखी चढत नाही” हे अभिमानाने सांगितलं जातं. त्याचा खरा अर्थ शरीराला दारूची सवय झाली आहे, एवढाच.

रोज पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करू नये

देवापुढे शपथ घ्यायला लावून दारू तोडणं ही आपल्याकडची जुनी रीत. त्यामागची तळमळ मला कळते, पण रोज भरपूर पिणाऱ्याच्या बाबतीत ती जिवावर बेतू शकते. काही तासांत थरथर आणि घाम सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या सुमारास काहींना भास होतात, माणूस बरळतो, ओळख विसरतो. याला ‘बाहेरचं’ समजून देवऋषीकडे वेळ घालवू नका, थेट रुग्णालय गाठा. तिथे औषधं आणि बी-1 जीवनसत्त्व देऊन हा काळ सुरक्षितपणे पार करता येतो.

तितकीच धोक्याची गोष्ट म्हणजे जेवणात गुपचूप मिसळलेली ‘दारू सोडवायची पावडर’. अशा पुड्यांमध्ये डायसल्फिराम असू शकतं. त्यावर दारू घेतली तर रक्तदाब घसरून प्राणावर बेतू शकतं. हे औषध रुग्णाला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं.

कुठे जायचं

जिल्हा रुग्णालय किंवा सरकारी मेडिकल कॉलेजची मानसोपचार ओपीडी ही सर्वांत स्वस्त वाट. फोनवरून सुरुवात करायची तर व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानसचा 14416. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून काम करतंय, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ते उभं केलं. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट, त्याच्या सभांना फी नसते.

पहिल्या भेटीत कधीपासून, किती, झोप, आजार, घरची परिस्थिती असं विचारतात आणि गरजेप्रमाणे रक्ततपासणी सांगतात. खरा आकडा सांगा. औषधं त्यावरच ठरतात. भरती करायची झाली तर केंद्राची नोंदणी आहे का आणि डॉक्टर कधी येतात, हे विचारा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार रुग्णाला साखळीने बांधता येत नाही. मारहाण करणाऱ्या, नातेवाइकांना भेटू न देणाऱ्या जागेपासून दूर राहा.

तो तयार नसेल तर

प्यायलेला असताना विषय काढू नका. सकाळी, एकांतात, घडलेली एकच गोष्ट सांगा: “अहो, परवा तुम्ही गाडीवरून पडलात आणि तुम्हाला ते आठवतही नाही. मला भीती वाटते. गुरुवारी ओपीडी आहे, मी बरोबर येते.” नाही म्हणाले तर तुम्ही एकट्याच समुपदेशकाकडे जा. कुटुंबीयांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या सभा असतात, मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे. त्याची उधारी फेडावी का, ऑफिसला खोटा निरोप द्यावा का, हे तिथे बोलता येतं. घरात मारहाण होत असेल तर समजावणं नंतर. आधी मुलांना घेऊन सुरक्षित जागी जा आणि 112 किंवा 181 ला फोन करा.

उपचार सुरू झाल्यावरही कधी पुन्हा प्यायली जाते. ते समुपदेशकापासून लपवू नका, आणि पुढची तारीख पंधरा दिवसांवर असली तरी दुसऱ्याच दिवशी फोन करा.