भोक पाडण्याआधी कॉइल आत ठेवून बघा

बिअर उकळायच्या पातेल्याला हीटिंग एलिमेंट बसवलं, की वॉर्ट (म्हणजे बिअर आंबवण्याआधीचं माल्टचं गोड पाणी) गार करायची तांब्याची कॉइल नेमकी त्यावरच टेकते. म्हणून ड्रिल हातात घेण्याआधी पहिली पायरी करा, बाकीच्या नंतर:

१. कॉइलच्या नळ्या काठावर वाकवून ती पातेल्यात लटकवा. तिच्या खाली दोन बोटं मोकळी राहतील अशा उंचीवर एलिमेंटची खूण करा.

२. भोक पाडून, सिलिकॉन वॉशर लावून एलिमेंट बसवा, मग साधं पाणी भरा आणि उकळा. गार असताना कोरडा वाटणारा जोड तापल्यावर पाझरू शकतो. प्लग काढून जोडाभोवती टिश्यू दाबा. बारीकसा थेंबही लगेच उमटतो. ही चाचणी खरंच टाळू नका.

३. बिअर करताना वॉर्टची उकळी संपायच्या १५ मिनिटं आधी कॉइल आत सोडा, म्हणजे ती निर्जंतुक होते.

एलिमेंट पूर्ण बुडाल्याशिवाय स्विच लावू नका, आणि पातेल्याला अर्थिंग हवंच.