घरासाठी ऊन वापरताना: आधी गरम पाणी, मग वीज

१०० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवायला साधारण ४ युनिट वीज लागते. तेवढ्या विजेवर ७५ वॅटचा पंखा दोन दिवसांहून जास्त फिरतो. घर उन्हावर चालवायचं ठरवलं की पहिला मान गरम पाण्याचा, तो यासाठी. चांगला सौर बंब अंगावर पडलेल्या उन्हातली जवळपास निम्मी उष्णता पाण्यात उतरवतो, तर पॅनेल त्याच उन्हातल्या जेमतेम पाचव्या हिश्श्याची वीज करतं. गिझर चालावा म्हणून पॅनेलं वाढवण्यापेक्षा बंब वेगळा बसवावा. कमी जागेत काम होतं.

खरेदीआधी एक दिवस गच्चीवर खडू घेऊन जा. सकाळी ९ ते दुपारी ३ दर तासाला पाण्याची टाकी, कठडा, झाड, अँटेना यांच्या सावलीची कड आखा. हे काम थंडीत करावं, कारण तेव्हा सूर्य खाली असतो आणि सावल्या लांबतात. थंडीपर्यंत थांबता येत नसेल तर अडथळ्याच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतर सोडा. विषुववृत्तापासून लांबच्या प्रदेशात तेवढंही पुरत नाही.

बंब दोन प्रकारचे: काचेच्या नळ्यांचा आणि सपाट पेटीचा. पाणी जड असेल तर पेटीतल्या बारीक तांब्याच्या नळ्या क्षाराने चोंदतात. नळ्यांच्या बंबातही क्षार साचतो, पण नळी रुंद असल्यामुळे तो काढता येतो. पाणी गोठण्याइतकी थंडी पडत असेल तर साधी पेटी घेऊ नका, आतलं पाणी गोठून नळ्या फुटतात.

बसवताना गार पाण्याची टाकी बंबाच्या टाकीपेक्षा उंच हवी. पेटीच्या बंबात गरम पाण्याची टाकी पेटीच्या वरच्या कडेपेक्षा सुमारे ३० सेंटिमीटर वर ठेवतात, नाहीतर रात्री प्रवाह उलटा फिरून तापलेलं पाणी निवतं. गार पाण्याच्या पाइपवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) लावा. बंबाच्या टाकीचा हवेचा पाइप गार टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या वर न्या आणि त्यावर कधीही कॉक बसवू नका. हा पाइप बंद झाला की वाफेच्या दाबाने टाकी फुगते किंवा पाणी उपसताना आत चेपते.

गरम पाण्याला साधा पीव्हीसी पाइप चालत नाही, तो मऊ पडून वाकतो. सीपीव्हीसी किंवा पीपीआर वापरा आणि बाहेरून फोमचं आवरण चढवा. बंबापासून नळापर्यंतचं अंतर मात्र फार जण विसरतात. अर्धा इंची पाइप २० मीटर लांब असेल तर त्यात ३ ते ४ लिटर पाणी मावतं. दर वेळी नळ सोडला की आधी ते गार पाणी वाहून जातं, आणि नळ बंद केल्यावर तेवढंच गरम पाणी पाइपात निवत राहतं. म्हणून जागा निवडताना बंब न्हाणीघराच्या जवळात जवळ बसवा.

नळ्या रिकाम्या असताना भर उन्हात पाणी सोडू नका. कोरड्या नळीची आतली काच २०० अंशांच्या आसपास तापलेली असू शकते. गार पाणी लागताच ती तडकते. पहाटे किंवा सूर्यास्तानंतर भरा. नळीच्या बुडाशी चंदेरी आरशासारखा डाग असतो. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर नळीच्या दोन काचांमधल्या निर्वात पोकळीत हवा शिरली. तेवढी एकच नळी बदला.

टाकीतला विजेचा हीटर रात्रभर चालू ठेवू नका. सकाळी टाकी आधीच गरम असेल तर उन्हाला तापवायला काही उरत नाही.

आता वीज. मीटरवरून रोजचा वापर काढा आणि आपल्या भागात दिवसाला किती तास पूर्ण ताकदीचं ऊन मिळतं तो आकडा घ्या. वापर ८ युनिट, ऊन ५ तास आणि धूळ, उष्णता, तारा यांतली घट धरून ०.७५ ने गुणलं तर ८ भागिले ३.७५, म्हणजे सुमारे २.१ किलोवॅट. ५४० वॅटची ४ पॅनेलं झाली. एक पॅनेल साधारण २.३ मीटर लांब, १.१ मीटर रुंद असतं.

तोंड उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे, उतार साधारण आपल्या अक्षांशाइतका. गच्चीवर वा पत्र्यावर, पॅनेलच्या खाली वारा खेळायला किमान १० सेंटिमीटर जागा ठेवा. पॅनेल २५ अंशांच्या वर जितकं तापतं, तितकी दर अंशाला सुमारे ०.३५ टक्के वीज घटते. ६५ अंशांना ही घट १४ टक्क्यांवर जाते.

सावलीचं नुकसान तिच्या आकारावरून ओळखता येत नाही. पॅनेलमध्ये सहसा तीन बायपास डायोड (अडलेला भाग वगळून वीज पुढे नेणारे भाग) असतात. एका कोपऱ्यातल्या एखाद्या पेशीवर (पॅनेलवरच्या एका चौकोनावर) ओलं पान चिकटलं, तरी त्या डायोडखालचा अख्खा तृतीयांश भाग वगळला जातो.

पॅनेलांतून डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज येते; तिच्या वायरिंगमध्ये घरातल्या एसी विजेचा साधा एमसीबी (आपोआप वीज तोडणारा स्विच) वापरू नका. डीसीची ठिणगी तुटत नाही, एमसीबी जळतो. डीसीचाच एमसीबी आणि सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेज अचानक उसळलं तर वाचवणारं उपकरण) घ्या. तार ४ चौरस मिलिमीटरची, उन्हात टिकणारी सोलर केबल. कनेक्टरची जोडी एकाच कंपनीची हवी, आणि ती योग्य अवजारानेच दाबलेली. दोन कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत बसतात, पण आतला संपर्क सैल राहून तापतात. आगी लागण्याचं हे नेहमीचं कारण आहे. पॅनेलांच्या चौकटींना अर्थिंग स्वतंत्र द्या.

इन्व्हर्टर पॅनेलच्या डीसीची घरगुती एसी वीज करतो. नुसता ऑन-ग्रिड, म्हणजे बॅटरीविना थेट वीज कंपनीच्या लाइनला जोडलेला इन्व्हर्टर असेल तर वीज गेल्यावर भर दुपारीही घर अंधारात राहील. लाइनवर काम करणाऱ्या माणसाला धक्का बसू नये म्हणून तो मुद्दाम बंद होतो. वीज जात असेल तर हायब्रिड (लाइन आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा) इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्या. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवर बॅटरीत कागदावर १.८ युनिट असतात; शिसे-आम्लाची असेल तर त्यातली निम्मीच वापरा, नाहीतर आयुष्य झपाट्याने घटतं.

पॅनेल पहाटे, थंड असताना, साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसा. त्यावर पाय देऊ नका. काच शाबूत दिसते, आतल्या पेशींना बारीक चिरा जातात. रोजचं उत्पादन वहीत लिहा. स्वच्छ उन्हाच्या दिवशी ते १५ टक्क्यांहून जास्त घसरलं तर आधी धूळ बघा, मग वाढलेली फांदी, आणि शेवटी कनेक्टर. कनेक्टर उघडण्याआधी इन्व्हर्टर आणि डीसी स्विच दोन्ही बंद करा, आणि ते काम वायरमनकडूनच करून घ्या: ऊन आहे तोवर पॅनेलच्या तारांमध्ये व्होल्टेज असतंच.