साडेतीनशेची गाडी रोज ऑफिसला: ट्रॅफिक आणि पावसात काय बघायचं

कोथरूडहून हिंजवडीला जाऊन-येऊन तीस-पस्तीस किलोमीटर होतात, म्हणजे वर्षाला नऊ-दहा हजार. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकाप्रमाणे दोन सर्व्हिसिंग झाली की संपलं. पण त्या तीस किलोमीटरना दोन तास लागतात आणि त्यातला बराच वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, हाफ क्लचवर जातो. ओडोमीटरला त्याचा पत्ता नसतो. म्हणून शहरात रोज चालणारी ३५० सीसी गाडी नुसती किलोमीटर बघून सांभाळता येत नाही. हायवेवर दहा हजार चाललेल्या गाडीचा क्लच नव्यासारखा असू शकतो, ट्रॅफिकमधल्या गाडीचा नाही.

क्लचपासूनच सुरुवात करू. लिव्हरच्या मुळाशी २ ते ३ मिमी मोकळी चाल हवी. ती अजिबात नसेल तर क्लच पूर्ण बसत नाही, प्लेटा घासत राहतात आणि चढावर इंजिन ओरडतं पण गाडी ओढत नाही. चाल जास्त असेल तर क्लच नीट सुटत नाही, सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही. दोन्ही वेळा आधी लिव्हरजवळचा ॲडजस्टर फिरवून बघा, थेट क्लच प्लेटांचा खर्च काढू नका. क्लच वायरची एखादी तार तुटून लिव्हरपाशी केसासारखी बाहेर आली असेल तर त्याच आठवड्यात वायर बदला. ती हळूहळू तुटते आणि शेवटची तार नेमकी फ्लायओव्हरच्या चढावर जाते. सिग्नल मिनिटभराचा असेल तर न्यूट्रल करा, लिव्हर दाबून उभे राहू नका. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला उभ्या गाडीत वारा मिळत नाही, त्यामुळे सिग्नल त्याहून लांबला तर इंजिन बंदच केलेलं बरं.

हाच क्लच इंजिन ऑइलमध्ये बुडालेला असतो. म्हणून डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणारा दर्जा) लिहिलेलंच ऑइल घ्या. कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, ती टाकली की क्लच घसरायला लागतो. रॉयल एनफिल्डच्या ३५० ला १५डब्ल्यू-५० चालतं. इतरांनी आपापलं पुस्तक बघावं. पुस्तकात १०,००० किमीला बदला असं असेल तर रोजच्या ट्रॅफिकमध्ये सहा-सात हजारांवर बदललेलं बरं. लेव्हल बघताना गाडी दोन-तीन मिनिटं चालू ठेवा, बंद करून तेवढीच थांबा आणि मेन स्टँडवर सरळ उभी करून इंजिनावरच्या छोट्या काचेतून बघा. साइड स्टँडवर लेव्हल खोटीच दिसते. कमी दिसलं म्हणून वरच्या खुणेपलीकडे ओतू नका, जादा ऑइल ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, एअर फिल्टरपर्यंत जातं. ड्रेन बोल्टला दर वेळी नवा वॉशर लावा आणि मिस्त्रीला लांब पाना घेऊन आवळू देऊ नका. ॲल्युमिनियमचे आटे एकदा गेले की दोनशेचं काम दोन हजारांवर जातं.

आता चेन. शहरात गाडी सतत हिसके देत चालते आणि ते सगळे हिसके चेन खाते. दर ५०० किमीला ल्यूब, आणि पावसात भिजली तर त्याच संध्याकाळी. गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद. गिअरमध्ये टाकून चाक आपोआप फिरवत चेन पुसणाऱ्यांची बोटं स्प्रॉकेटमध्ये (चेनच्या दातेरी चक्रात) गेलेली आहेत, त्यामुळे चाक हातानेच फिरवा. केरोसीन आणि मऊ ब्रशने चिखल काढा. पेट्रोल नको, तारेचा ब्रश तर नकोच. कड्यांमधल्या रबरी ओ-रिंग त्याने जातात आणि आतलं ग्रीस निघून चेन आतून सुकते. कोरड्या फडक्याने पुसून ल्यूब चेनच्या आतल्या बाजूने, खालच्या पट्ट्यावर मारा, म्हणजे चाक फिरलं की ते आपोआप बाहेरच्या बाजूला पसरतं. हे रात्री करा. ल्यूब मारून लगेच निघालात तर निम्मं मागच्या रिमवर आणि उरलेलं पँटवर. स्प्रे महाग वाटत असेल तर ९० नंबरचं गिअर ऑइल चालतं, फक्त थोडं लावायचं आणि जास्तीचं पुसून घ्यायचं.

ताण बघताना खालच्या पट्ट्याच्या मधोमध बोटाने वर-खाली करून पट्टी लावा. बऱ्याच गाड्यांत ही वर-खाली चाल २५ ते ३० मिमी असते. नेमका आकडा, आणि मेन स्टँडवर मोजायचा की साइड स्टँडवर, हे पुस्तकात दिलेलं असतं. चाक फिरवून चार-पाच ठिकाणी बघा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. सगळ्यात घट्ट जागा सापडली की तिथला ताण धरा. मग ॲक्सलचा नट सैल करून दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर पाव-पाव फेरा सारखेच फिरवा आणि स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांवरच्या) खुणा दोन्हीकडे जुळवा. नट आवळल्यावर ताण परत मोजायचाच, आवळताना चेन बऱ्याचदा थोडी ओढली जाते. निघण्याआधी मागचा ब्रेक दोन-तीनदा दाबून बघा.

शंका असेल तर चेन किंचित ढिली ठेवा, घट्ट नको. खड्ड्यात चाक वर गेलं की मागचं आणि पुढचं स्प्रॉकेट यांतलं अंतर वाढतं. ढील नसेल तर तो झटका गिअरबॉक्सच्या शाफ्टवर आणि बेअरिंगवर येतो, आणि पुढच्या स्प्रॉकेटमागून ऑइल पाझरायला लागतं. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटाने ओढून बघा. अर्धा दात उघडा पडला तर चेन संपली. नवी टाकताना दोन्ही स्प्रॉकेटही बदला. झिजलेल्या दातांवर नवी चेन फार दिवस टिकत नाही.

पावसाळ्यातल्या दोन तक्रारी मात्र हमखास येतात आणि दोन्हींत गॅरेजवाला आधी स्पार्क प्लगवर संशय घेतो. पहिली: गाडी न्यूट्रलमध्ये मस्त चालते, गिअर टाकला की बंद. साइड स्टँडजवळचा स्विच बघा. त्यात चिखल बसला की गाडीला स्टँड खालीच आहे असं वाटतं. पाण्याने धुऊन, स्टँड दहा-बारा वेळा वर-खाली करून बघा. बहुतेकदा तेवढ्यावर भागतं. दुसरी: मोठ्या पावसानंतर गाडी अडखळते. टाकीचं झाकण उघडा. कडेला पाणी जाण्यासाठी एक बारीक भोक असतं, ते धुळीने बुजलं की पाणी तिथेच साचतं आणि पेट्रोल भरताना टाकीत उतरतं. सध्याच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये पाणी फार झालं तर इथेनॉल ते घेऊन वेगळं होतं आणि तळाशी बसतं, जिथून पंप ओढतो. भोकात बारीक वायर घालून साफ करा आणि झाकण उघडण्याआधी कड फडक्याने टिपा. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर मात्र स्टार्टर अजिबात दाबू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषतं. दर दोन वर्षांनी बदला, डबा डॉट ४ दर्जाचा घ्या. रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता, नाहीतर टाकीचा रंग जातो. प्रेशर वॉशरचा फवारा चाकाच्या बेअरिंगवर, हँडलच्या मुळाशी आणि चेनवर मारायला लावू नका. हवा दर दहा दिवसांनी बघा, तीही सकाळी टायर थंड असताना. बॅटरी बंद गाडीत १२.४ व्होल्टच्या वर आणि चालू गाडीत साधारण १३.५ ते १४.५ दाखवत असेल तर सेल्फ न लागण्याचं कारण दुसरीकडे शोधा: आधी टर्मिनलचे स्क्रू, मग क्लच लिव्हरखालचा स्विच.

सीटखाली जागा असेल तर एक जास्तीची क्लच वायर ठेवा, आणि चाकं तारांची असतील तर मागच्या मापाची एक ट्यूब. पंक्चरवाला रात्री नऊनंतरही सापडतो, पण त्याच्याकडे १८ इंची ट्यूब असेलच असं नाही.