ब्रिज पिकअप बदलताय? सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी या चुका टाळा

इलेक्ट्रिक गिटारमध्ये तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलतो तो पिकअप; तारा जिथे टेकतात त्या ब्रिजजवळचा तो ब्रिज पिकअप. नावाजलेला परदेशी हंबकर (गुणगुण मारणारा दोन कॉइलचा पिकअप), त्यावरची कस्टम ड्युटी, जीएसटी आणि कुरिअर मिळून कधीकधी नवशिक्याच्या अख्ख्या गिटारएवढा खर्च होतो. एवढे पैसे मोजून आवाज तितकाच गढूळ निघाला तर दोष बहुधा पिकअपचा नसतो. न मोजता, आकडे वाचून आणि व्हिडिओ ऐकून खरेदी केलेली असते.

पहिली चूक: दुखणं भलतीकडे, औषध पिकअपला

‘रिफ (पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून) सुटसुटीत वाजत नाही’ ही तक्रार असेल तर आधी तारा बघा. २५.५ इंची स्केलवर (तारेची वाजणारी लांबी) ९-४२ चा सेट (तारांची जाडी, हजारांश इंचांत) लावून ड्रॉप सी ट्यून केलं, म्हणजे सगळ्यात जाड तार सी पर्यंत उतरवली, की खालची तार लोंबते. तिचा सूर पिकअपच्या वर पोचण्याआधीच डळमळलेला असतो, आणि तो आवळून देणारा पिकअप कुठेच मिळत नाही. १०-५२ किंवा ११-५४ चा सेट लावा आणि मग ऐका. २४.७५ इंची स्केलला ११-५४ पासूनच सुरुवात करा.

मग उंची. बाहेरच्या दोन्ही ई तारा शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा आणि तारेच्या तळापासून पोलपीसपर्यंतचं (पिकअपवरच्या धातूच्या टोकापर्यंतचं) अंतर स्टीलच्या पट्टीने मोजा. जाड तारेकडे २.४ मिमी आणि बारीक तारेकडे २ मिमी ठेवून सुरुवात करायची. तिथून अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने स्क्रू फिरवत ऐकायचं. जास्त आवाजाच्या हव्यासाने पिकअप तारांना चिकटवला की पिकिंगची धार बोथट होते आणि जाड तारा बाकीच्यांना गिळतात. अनेक ‘मेलेले’ पिकअप दोन मिलिमीटर खाली नेल्यावर उठून बसतात.

तिसरी तपासणी पॉटची, म्हणजे आवाज कमीजास्त करणाऱ्या बटणाखालच्या पोटेन्शिओमीटरची. हंबकरला सहसा ५०० किलोओमचा व्हॉल्यूम पॉट लागतो. स्वस्त गिटारमध्ये, विशेषतः दोन सिंगल कॉइल आणि एक हंबकर अशा रचनेत, तिथे २५० चा असतो आणि वरची चमक खाऊन टाकतो. मागचं झाकण काढून पॉटवरचा आकडा वाचा. वाचता येत नसेल तर त्याची एक तार सोडवून मल्टिमीटरने मोजा. २० टक्के इकडेतिकडे असणं चालतं. नवा पॉट पिकअपच्या तुलनेत किरकोळ किमतीत येतो, म्हणून आधी तोच बदलून बघणं शहाणपणाचं. फक्त भोक मोजा: बारक्या पॉटला ७ मिमी पुरतं, सीटीएससारख्या मोठ्या पॉटला सुमारे ९.५ मिमी लागतं.

शेवटी अँप. गेन दहावर, बास आठवर आणि मिड शून्यावर ठेवून कुठलाही पिकअप पारखता येत नाही. गेन निम्म्यावर आणा, मिड वाढवा. पुढे ओव्हरड्राइव्ह पेडल ठेवून त्याचा ड्राइव्ह जवळपास बंद आणि लेव्हल जास्त करा. यानंतरही ब्रिज पिकअप मिळमिळीतच वाटला तर मात्र नवा घेण्याला अर्थ आहे.

दुसरी चूक: किलोओम म्हणजे ताकद असं समजणं

दुकानात आणि वर्णनांत हाच आकडा सगळ्यात आधी पुढे केला जातो, आणि सगळ्यात जास्त फसवणूकही त्याचीच. डीसी रेझिस्टन्स म्हणजे कॉइलच्या तांब्याच्या तारेचा विरोध. तार बारीक घेतली की वेढे तितकेच राहूनही आकडा फुगतो. चुंबक कोणता आहे याचा त्यात पत्ताही नसतो.

उदाहरणच घ्या. डिमार्झिओचा सुपर डिस्टॉर्शन हा १९७२ पासूनचा सिरॅमिक चुंबकाचा पिकअप साधारण १३.७ किलोओमचा, आणि कंपनी त्याचं आउटपुट ४२५ मिलिव्होल्टच्या आसपास सांगते. त्याच कंपनीचा टोन झोन १७ किलोओमच्या वर जातो, पण अल्निको ५ चुंबकाचा असून आउटपुट ३७५ च्या आसपास. म्हणजे आकडा मोठा, पण आवाज लहान. सेमूर डंकनचा जेबी सुमारे १६.४ किलोओम आणि त्यांचाच डिस्टॉर्शन त्याच्याच आगेमागे; तरी पहिल्यात अल्निको ५, दुसऱ्यात सिरॅमिक, आणि दोघांचा स्वभाव वेगळा.

हा आकडा ऋतूप्रमाणेही हलतो. तांब्याचा विरोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो. २५ अंशांना १६.४ दाखवणारा पिकअप पुण्यातल्या मे महिन्यात ३८ अंशांच्या दुपारी १७.२ दाखवेल आणि डिसेंबरच्या १२ अंशांच्या पहाटे १५.६. त्यामुळे ‘आकडा जुळत नाही, माल बनावट आहे’ असं म्हणून विक्रेत्याशी भांडायला जाण्याआधी साधारण २५ अंशांच्या खोलीत तासभर ठेवून पुन्हा मोजा. फरक दोन-तीन किलोओमचा असेल तर मात्र शंका रास्त आहे.

मग निवडायचं कशावरून? आपल्या गिटारमध्ये आज काय जास्त आहे त्यावरून. गिटार मुळातच जाड, गढूळ बोलत असेल आणि ट्यूनिंग खाली असेल तर आवळ बासचा सिरॅमिक बरा. गिटार पातळ, कर्कश वाजत असेल तर खालचे मिड भरून काढणारा टोन झोनसारखा पिकअप शोभतो. तोच पिकअप आधीच जड असलेल्या गिटारमध्ये घातला तर रिफचा काला होतो. आणि अँपमध्ये गेन भरपूर असेल तर १३-१४ किलोओमचा मध्यम गरम (म्हणजे मध्यम आउटपुटचा) सिरॅमिक, उदाहरणार्थ डंकन कस्टम, बहुतेकांना पुरून उरतो. अँप मुळातच आवाज दाबून वाजवत असेल तर जास्त आउटपुटने फक्त दाब वाढतो, ठोसा कमी होतो. आमच्या मते लोक गरजेपेक्षा एक पायरी गरम पिकअप घेतात.

तिसरी चूक: मापं न घेता ऑर्डर देणं

ब्रिज पिकअपच्या बरोबर वर, दोन्ही टोकांच्या ई तारांच्या मध्यापासून मध्यापर्यंत अंतर मोजा. ४९-५० मिमी असेल तर साधी स्पेसिंग. ५१ किंवा जास्त असेल, फ्लॉइड रोझ आणि बहुतेक ट्रेमोलो गिटारमध्ये असतंच, तर रुंद अंतराची, म्हणजे डिमार्झिओची एफ-स्पेस्ड किंवा डंकनची ट्रेमबकर आवृत्ती मागवा. मिलिमीटरभराच्या चुकीने आवाजात आभाळ कोसळत नाही, पण तारा पोलपीसच्या बाहेर दिसत राहतात आणि डोळ्यांना खुपतात. सलग पट्टीचे पोल असलेल्या पिकअपला हा प्रश्नच नाही.

खोबणीची खोलीही बघा. पिकअपचे पाय लांब असतील आणि खोबण उथळ, तर ते तळाला टेकतात आणि पिकअप हवा तेवढा खाली जातच नाही. उंचीचे स्क्रू नव्या पिकअपसोबत आलेलेच वापरा. जुने मेट्रिक स्क्रू इंची आट्यांत जबरदस्तीने फिरवले की आटे गेलेच म्हणून समजा.

चौथी चूक: ॲक्टिव्ह पिकअपला जुनेच पॉट

ईएमजी ८१ सारख्या ॲक्टिव्हला (बॅटरीवर चालणाऱ्या पिकअपला) २५ किलोओमचे पॉट लागतात. ५०० वर जोडलात तर काही जळत नाही, पण व्हॉल्यूम चालू-बंद बटणासारखा वागतो. उलट, पॅसिव्ह (बॅटरीविना चालणाऱ्या) पिकअपला २५ चा पॉट दिला तर आवाज गोधडीखालून आल्यासारखा होतो. म्हणूनच एकच व्हॉल्यूम असलेल्या गिटारमध्ये ब्रिजला ॲक्टिव्ह आणि नेकला (गिटारच्या मानेजवळ) पॅसिव्ह अशी मोट बांधू नये.

९ व्होल्टची बॅटरी मावेल इतकी जागा आहे का ते खरेदीआधी बघा आणि जॅक स्टीरिओ बसवा, कारण बॅटरीचं सर्किट त्यातूनच तुटतं-जुळतं. तालीम संपल्यावर केबल काढायची सवय नसेल तर बॅटरी विनाकारण झिजते.

पाचवी चूक: एका कंपनीचे रंग दुसऱ्याला लावणं

इथे थोडं थांबा, कारण बसवल्यानंतरच्या निम्म्या रडकथा इथूनच सुरू होतात. चार तारांच्या डंकनमध्ये काळी हॉट (सिग्नलची), हिरवी आणि उघडी (शील्डची) ग्राउंडला, लाल-पांढरी एकमेकींना जोडून इन्सुलेट. डिमार्झिओमध्ये लाल हॉट, हिरवी आणि उघडी ग्राउंडला, काळी-पांढरी एकत्र. रंग तेच, अर्थ वेगळे.

डंकन डिमार्झिओच्या पद्धतीने जोडला तर काळी आणि पांढरी ही एकाच कॉइलची दोन टोकं एकमेकींना भिडतात. ती कॉइल स्वतःतच शॉर्ट होते आणि एकटी दुसरीच वाजते: मीटरवर निम्मा आकडा, आवाज बारीक, वर गुणगुण. डिमार्झिओ डंकनच्या पद्धतीने जोडला तर भानगड अधिक फसवी. दोन्ही कॉइल मालिकेत असतात, म्हणून मीटर पूर्ण आकडा दाखवतो. पण एक कॉइल उलटी फिरल्याने दोघी एकमेकींचा आवाज खातात. बास गायब, नाकातून बोलल्यासारखा स्वर, आणि हंबकर असून गुणगुण जोरात. मीटर ‘ठीक’ म्हणतोय म्हणून लोक पिकअपलाच दोष देऊन मोकळे होतात.

तिसऱ्या कंपनीचा माल असेल तर तिच्याच आकृतीवर विसंबा. जुनं वायरिंग सोडवण्याआधी मोबाइलवर दोन-तीन कोनांतून फोटो काढायला विसरू नका.

सोल्डरिंग

२५ वॉटचा आयर्न पॉटच्या पायांना चालतो, पाठीला नाही. धातूचं कवच उष्णता ओढून घेतं, सोल्डरचा नुसता मणी बसतो आणि महिन्याभरात सुटतो. तिथे ४० वॉट आणि चपटं टोक घ्या. पाठ पॉलिश पेपरने घासून आधी थोडं सोल्डर चढवा, मग तार ठेवून तीन-चार सेकंदांत काम संपवा. रोझिन असलेलं ६०/४० सोल्डर, ०.८ ते १ मिमी जाडीचं. हे आणि उष्णतेने आकसणाऱ्या नळ्या पुण्यातल्या तपकीर गल्लीत सहज मिळतात. नळकामाचा आम्लयुक्त फ्लक्स अजिबात नको. पावसाळ्यात तो जोड हिरवा करून टाकतो. आणि पुण्यात हे काम शक्यतो गुरुवारी काढू नका. त्या दिवशी देखभालीसाठी वीज गेली तर गिटार अर्धी उघडी पडून राहते.

उघड्या शील्डची तार हॉटला टेकणार नाही, आणि जोडून ठेवलेल्या दोन तारांवर नळी चढवली आहे, एवढं बघून मगच झाकण लावा.

बसवला, पण बिघडलं: आता काय?

झाकण पुन्हा उघडण्याआधी गिटारमध्ये केबल लावा, व्हॉल्यूम पूर्ण, सिलेक्टर ब्रिजवर आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर. १६.४ चा पिकअप ५०० च्या पॉटमधून साधारण १५.९ दाखवतो, कारण पॉट समांतर असतो. तेवढं आलं तर मार्ग सलग आहे. ८ च्या आसपास आलं तर एकच कॉइल चालू आहे: रंग चुकले, किंवा कॉइल स्प्लिटचा (एक कॉइल बंद करणारा) स्विच ओढलेला राहिला. ४ च्या आसपास आलं तर दोन्ही कॉइल समांतर जोडल्या गेल्या. जवळपास ५०० आलं तर पिकअप जोडलाच गेलेला नाही, दिसतोय तो फक्त पॉट. शून्य म्हणजे हॉट कुठेतरी ग्राउंडला टेकली आहे. ही युक्ती पॅसिव्हसाठीच. ॲक्टिव्हला लागू नाही.

आकडा बरोबर आणि ब्रिज एकटा छान वाजतो, पण नेकसोबत मधल्या जागी आवाज पोकळ होतो? दोन पिकअपची फेज उलटी आहे. डंकन असेल तर काळी आणि हिरवी यांची अदलाबदल करा. उघडी तार मात्र ग्राउंडलाच राहते.

तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होणं नेहमीचं आहे. काहीच फरक पडत नसेल तर ब्रिजची ग्राउंड तार तुटली आहे. हात लावल्यावर वाढत असेल तर जॅकवर हॉट-ग्राउंड उलटे झाले आहेत. पुण्याच्या पेठांतल्या जुन्या वाड्यांत अर्थिंग नसलेलं दोन पिनांचं सॉकेट असतं, तिथे चांगली गिटारही घुमते. तारांना हात लावून झिणझिण्या येत असतील तर हा पिकअपचा विषयच नाही. अँप ताबडतोब बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

गेन वाढवला की शिट्टी येते? सगळ्या तारा तळहाताने दाबा. शिट्टी थांबली तर तो तारांचा फीडबॅक, अँपपासून दूर सरका. तरीही चालू राहिली तर पिकअप मायक्रोफोनिक आहे, म्हणजे स्वतःच्या कंपनानेही आवाज करतो; अँपचा आवाज कमी ठेवून त्यावर स्क्रूड्रायव्हरने हलकेच टिचकी मारली की टकटक स्पष्ट ऐकू येते. मेण भरलेला चांगला पिकअप असं सहसा करत नाही, म्हणून नवा असेल तर स्वतः मेण वितळवत बसण्यापेक्षा तो बदलून मागा. पाम म्यूट करून (तळहाताने तारा दाबून) रिफ अचानक तोडल्यावर मागे झणझणाट उरत असेल, तर तो बहुतेकदा ट्रेमोलोच्या स्प्रिंगांचा असतो. मागचं झाकण काढून स्प्रिंगांखाली फोमचा तुकडा सरकवा.